काचेवरून कागदावर: जॉन थॉमसन यांच्या छायाचित्रांच्या निमित्ताने एका छपाई-सेवेचे परीक्षण

लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फलक आणि दिवंगत आप्तांच्या तसबिरी छापून चौकटीत बसवून देणारी दुकाने नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींनी अलीकडे सुती कागदावर, रंगद्रव्याच्या शाईने टिकाऊ प्रती काढून देण्याची सेवाही सुरू केली असून चित्रकार आणि हौशी छायाचित्रकार ती वापरू लागले आहेत. प्रस्तुत परीक्षण कॉलेज रोड परिसरातील अशाच एका सेवेचे आहे. आम्ही तिच्याकडे नेलेले काम मात्र नेहमीचे नव्हते. जॉन थॉमसन या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश छायाचित्रकाराची रस्त्यावरची दृश्ये आणि व्यक्तिचित्रे, जागतिक छायाचित्रण दिनाच्या, म्हणजे १९ ऑगस्टच्या, निमित्ताने आमच्या वाचकगटाने भरवलेल्या छोट्या प्रदर्शनासाठी छापून हवी होती. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे तक्रारीही येतील आणि दोन-तीन माणसांच्या कष्टावर चालणाऱ्या दुकानाला बट्टा लागावा इतक्या त्या गंभीर नाहीत. शिवाय येथे लिहिलेले बरेचसे, जुनी छायाचित्रे घेऊन कोणत्याही दुकानाची पायरी चढणाऱ्याच्या उपयोगी पडावे.

छपाईची कसोटी पाहण्यासाठी थॉमसन यांच्याइतके योग्य छायाचित्रकार थोडेच सापडतील. १८३७ मध्ये एडिंबरो येथे, तंबाखूच्या व्यवसायातील एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शास्त्रीय आणि दृक्-उपकरणे तयार करणाऱ्या कारागिराकडे त्यांनी उमेदवारी केली आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र, गणित व पदार्थविज्ञान यांचे शिक्षण घेतले. १८६२ मध्ये ते थोरले बंधू विल्यम यांच्याकडे सिंगापूरला गेले आणि तेथे उपकरणांच्या व्यवसायाला जोडून त्यांनी छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला. १८६५ मध्ये सयाम (आजचा थायलंड), १८६६ मध्ये कंबोडियातील अंकोरचे अवशेष, मग काही काळ ब्रिटन, पुन्हा पूर्वेकडे सैगाव व हाँगकाँग, आणि १८७२ पर्यंत चीनचा किनारा, फॉर्मोसा (आजचे तैवान), पेकिंग (आजचे बीजिंग) व यांगत्से नदीचे खोरे, असा त्यांचा प्रवास झाला. पोट भरत होते ते गिऱ्हाइकांची व्यक्तिचित्रे काढून; रस्त्यावरचे काम त्या मिळकतीच्या आधाराने चालत होते. तरीही त्यांच्या कामात रस्ता आणि व्यक्तिचित्र ही दोन वेगळी दालने नाहीत, हे माझे मत या प्रती हातात घेतल्यावर पक्के झाले. त्यांच्या रस्त्यावरच्या दृश्यातील माणसे बहुधा उभी केलेली, बसवलेली, क्षणभर थांबवलेली असतात, आणि त्यांची उत्तम व्यक्तिचित्रे भोवतालाशिवाय अर्धीच राहतात. त्यामुळे छापणाऱ्याने चेहरा आणि भोवताल यांपैकी एकाला झुकते माप दिले की चित्र बिघडते. या सेवेचे यश आणि अपयश दोन्ही मला याच मापाने मोजावेसे वाटतात.

मूळ सामग्रीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. थॉमसन यांचे निधन १९२१ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी झाले आणि त्याच सुमारास त्यांच्या सहाशेहून अधिक काचेच्या निगेटिव्ह औषध-उद्योजक हेन्री वेलकम यांच्या संग्रहात गेल्या. आज लंडनच्या वेलकम कलेक्शनच्या संकेतस्थळावर त्यांतील आशियाई चित्रे विनामूल्य पाहता येतात आणि उतरवूनही घेता येतात. लंडनमधील रस्त्यांच्या मालिकेची गोष्ट वेगळी आहे. ती चित्रे पुस्तकाच्या पानांवर चिकटवलेल्या छापील प्रतींवरून स्कॅन केलेली असतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयाने ती डिजिटल रूपात उपलब्ध करून दिली आहेत. म्हणजे एकाच छायाचित्रकाराच्या कामाच्या दोन जातींच्या फाइली आमच्याकडे होत्या: एक थेट काचेवरची, कडा, ओरखडे आणि सुटलेल्या रासायनिक थरासह, दुसरी आधीच एकदा छापली गेलेली, कागदाच्या उबदार छटेसह. पेन ड्राइव्ह स्वीकारताना दुकानाने हा फरक विचारला नाही. विचारायला हवा होता, असे मला आजही वाटते, कारण पुढचे अर्धे गैरसमज तेथूनच निघाले.

पहिला नमुना पाहायला गेलो तेव्हा संगणकावर बसलेल्या तरुणाने मोठ्या उत्साहाने पडदा माझ्याकडे वळवला. "सर, आभाळ अगदीच कोरं होतं, म्हणून थोडे ढग टाकलेत. बघा, चित्र कसं उठून आलं!" ढग खरोखर सुबक होते. यांगत्सेवरच्या त्या दृश्यात ते इतके बेमालूम बसले होते की अजाण प्रेक्षकाला शंकाही आली नसती. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरले असते. लग्नाच्या अल्बमात असे आभाळ घालून दिले तर गिऱ्हाईक त्याचे पैसे आनंदाने देते. पण थॉमसन यांच्या चित्रातील कोऱ्या आभाळाला कारण आहे, आणि ते कारण कळल्याशिवाय त्यांची प्रत नीट छापता येत नाही.

थॉमसन ज्या पद्धतीने काम करत ती ओल्या कलोडियनची पद्धत १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी जाहीर केली होती. काच स्वच्छ करायची, तिच्यावर कलोडियन या चिकट रासायनिक द्रावणाचा थर हात फिरवत सारखा पसरायचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याआधी, म्हणजे साधारण दहा मिनिटांच्या आत, पुन्हा अंधाऱ्या तंबूत येऊन चित्र उमटवायचे. उष्ण हवेत ही मुदत आणखी घटते. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, पाणी आणि हे सारे वाहणारे हमाल असत. हा थर निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील आणि तांबड्या-पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा असतो. परिणामी निळे आभाळ निगेटिव्हवर इतके दाट उमटते की प्रतीत ते पांढरे पडते, आणि त्वचेवरचे तांबूस डाग, वांग, उन्हाने रापलेला रंग हे सारे प्रत्यक्षापेक्षा गडद दिसतात. काचेच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा भाग कोरा दिसला तर बहुधा थर ओतताना काच तेथेच धरलेली असते. या खुणा पुसल्या की मागे उरते ते चांगले दिसणारे, पण कोणत्याच काळाचे नसलेले चित्र.

त्या तरुणाला मी हे सांगितले तेव्हा त्याने आधी ऐकून घेतले, मग स्वतःच मूळ फाइल पुन्हा उघडून कोपरा मोठा करून पाहिला आणि ढग काढून टाकले. यासाठी त्याला पूर्ण गुण द्यावेत. काचेवरून आलेल्या पुढच्या सर्व फाइलींत त्याने फक्त स्कॅन करताना बसलेली धूळ साफ केली आणि काचेवरची मूळची डागडुजी तशीच ठेवली. या दोहोंतला फरक ओळखण्याइतकी त्याची नजर तयार आहे. टचिंग करणाऱ्या माणसाकडून टचिंग न करण्याचे काम करून घेणे हीच येथील खरी सेवा होती, असे म्हटले तरी चालेल.

आता प्रतींकडे वळतो. आशियातील व्यक्तिचित्रांत दुकानाचे काम उत्तम झाले आहे. सयामचे राजे मोंगकुट यांच्या छायाचित्रणाची हकीकत थॉमसन यांनी स्वतः लिहून ठेवली आहे: राजे आधी पांढऱ्या साध्या वेषात आले आणि मग विचार बदलून फ्रेंच सेनानीच्या धाटणीचा गणवेश घालून बसले. त्या गणवेशावरचे भरतकाम, पदके आणि त्यामागचा थकलेला चेहरा यांचा तोल प्रतीत बिघडलेला नाही. पेकिंगमधील राजपुत्र कुंग यांच्या चित्रात रेशमी अंगरख्याच्या गडद भागात घड्या स्पष्ट दिसतात. स्वस्त कागदावर हाच भाग काळा गोळा होऊन बसतो. स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांत केशरचना आणि अलंकार इतके बारकाईने उमटले आहेत की प्रदर्शनाला आलेल्या एका सराफ गृहस्थांनी चश्मा काढून, प्रतीला नाक लावून कानातल्यांची घडण तपासली. येथे चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा, पृष्ठभागाला चकाकी नसलेला सुती कागद वापरला आहे आणि ती निवड दुकानाचीच होती. आम्ही अज्ञानाने चकचकीत कागद सुचवला होता. त्यांनी तो नाकारला, हे नोंदवले पाहिजे.

चीनच्या रस्त्यांतील दृश्ये मला व्यक्तिश: अधिक आवडतात. कँटनमधील औषधांच्या दुकानांच्या गल्लीचे चित्र घ्या: दोन्ही बाजूंनी उभ्या टांगलेल्या पाट्यांची रांग, वर आभाळाची चिंधी आणि खाली दगडी फरसबंदी. नाशिकच्या भद्रकाली किंवा जुन्या सराफ बाजारातून चाललेल्या माणसाला हा अरुंदपणा अंगाने ओळखीचा वाटतो. किउकियांग येथील फिरत्या व्यावसायिकांच्या चित्रात सूप विकणारा, न्हावी आणि त्यांची गिऱ्हाइके एकाच ओळीत मांडलेली आहेत. मांडलेली हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. काही सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्या काचेवर माणूस उमटत नसे, म्हणून वस्तरा हवेत थांबलेला आहे आणि वाडगा ओठांपाशी. या चित्रांत अचानक टिपलेले काही नाही. तरीही प्रत्येक माणूस स्वतःच्या धंद्याच्या सामानासह उभा असल्यामुळे त्याचे हात खोटे वाटत नाहीत. मोठ्या काचेवरून आलेल्या या फाइली १२ बाय १६ इंचांपर्यंत सहज ताणता येतात. ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने त्या आकाराला ३६०० बाय ४८०० पिक्सेल लागतात आणि तेवढे तपशील काचेत असतातच. त्या काळी एन्लार्जरचा, म्हणजे प्रत मोठी करणाऱ्या यंत्राचा, उपयोग सर्रास होत नसे. काच कागदाला टेकवून तिच्याच आकाराची प्रत काढत. कॅमेरा मोठा का वाहून न्यावा लागे, हे या प्रती पाहून समजते.

चीनहून परतल्यावर थॉमसन यांनी १८७३-७४ मध्ये चार खंडांत, २०० छायाचित्रांसह तो देश मांडला. पुढे ते लंडनच्या रस्त्याकडे वळले, आणि आमच्या प्रदर्शनाचा गाभा तेथेच होता. पत्रकार अडॉल्फ स्मिथ यांच्यासह त्यांनी १८७७ पासून ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ ही मालिका मासिक भागांत प्रसिद्ध केली. प्रत्येक छायाचित्राबरोबर त्या माणसाची, त्याच्या धंद्याची आणि मिळकतीची माहिती देणारा मजकूर असे. बहुतेक मजकूर स्मिथ यांचा, काही थोडा थॉमसन यांचा, आणि खाली आद्याक्षरे. फुलवाल्या बायका, बूटपॉलिशवाला, पाट्या अंगावर अडकवून फिरणारे जाहिरातदार, आइस्क्रीमची गाडी, रस्त्यावरचा वैदू, रोगाच्या साथीनंतर घरे निर्जंतुक करणारे पालिकेचे कामगार अशी ती माणसे आहेत. भटक्यांच्या गाडीच्या पायरीवर बसलेली मेरी प्रॅड नावाची स्त्री त्यांत आहे. छायाचित्रानंतर थोड्याच काळात तिचा संशयास्पद मृत्यू झाल्याचे सोबतचा मजकूर सांगतो, आणि ते वाचून पुन्हा चित्राकडे पाहिले की तिचा शांत चेहरा पाहवत नाही.

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे ‘द क्रॉलर्स’ (सरपटणाऱ्या). सेंट जाइल्स भागातील वर्कहाउसच्या, म्हणजे निर्धनांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या गृहाच्या, पायरीवर एक वृद्ध विधवा बसलेली आहे, डोके मागे टेकलेले, आणि तिच्या खांद्यावर एक तान्हे मूल आहे. मूल तिचे नाही. मुलाची आई कॉफीच्या दुकानात कामाला जाते आणि तेवढा वेळ ही म्हातारी ते सांभाळते. त्याचा मोबदला म्हणून तिला चहा आणि थोडा पाव मिळतो. ज्या बायकांच्या अंगात चालण्याइतकेही त्राण उरलेले नसे, त्या गरम पाण्यासाठी सरपटत जात, म्हणून त्यांना ते नाव पडले होते. चित्राच्या कडेला पायरीवर चहाची किटली आणि पेला आहे. मजकूर वाचलेल्या माणसाला त्या किटलीत तिची मजुरी दिसते.

दुकानाने दिलेल्या पहिल्या प्रतीत किटली नव्हती. कारण अगदी साधे आहे. आजच्या दुकानांत १२ बाय १८ इंच हा ठरलेला आकार असतो, त्याचे प्रमाण दोनास तीन. जुन्या काचांचे आणि त्यांवरून काढलेल्या प्रतींचे प्रमाण बहुधा चारास पाचच्या जवळ जाते. फाइल ठरलेल्या आकारात बसवताना संगणक दोन्ही बाजू कापतो, आणि मधला चेहरा नीट आला म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नाही. त्यातच चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सवयीने थोड्या मऊ केल्या गेल्या होत्या. किटली गेली, सुरकुत्या गेल्या, आणि थकल्याभागल्या निर्धन बाईच्या जागी दिवाणखान्यात लावण्याजोगी मायाळू आजी आली. सेवेवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो एका दुकानापुरता नाही. चेहरा हाच फोटो, ही समजूत आपल्याकडे तसबिरींच्या परंपरेतून इतकी मुरलेली आहे की भोवताल कापणे म्हणजे चित्रातून काही काढून घेणे आहे, असे वाटतच नाही. प्रत विनाशुल्क पुन्हा काढून मिळाली, पांढरी किनार ठेवून, संपूर्ण चौकटीसह. त्यासाठी हुज्जत घालावी लागली नाही. पण आधी लेखी सांगितले असते तर कागद वाया गेला नसता. काम देताना ‘कापू नका, किनार ठेवा, चेहऱ्याला हात लावू नका’ एवढे पावतीवरच लिहून घ्यावे.

लंडनच्या चित्रांत आकाराचाही प्रश्न आहे. मूळ प्रती तळहाताएवढ्या होत्या आणि त्या वुडबरीटाइप पद्धतीने छापलेल्या होत्या. वॉल्टर वुडबरी यांनी १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत जिलेटिनचा चित्ररूप उठाव प्रचंड दाबाखाली शिशाच्या पत्र्यात दाबून साचा तयार करत आणि त्यात रंगद्रव्य मिसळलेले जिलेटिन भरून कागदावर उतरवत. थर जाड तेथे सावली, पातळ तेथे उजेड. ठिपका कोठेच नाही. भिंगातून पाहिले तरी छटा अखंड वाहत जाते. आपल्या शाईच्या यंत्राला ते साधत नाही, भिंगाखाली त्याचे कण दिसतातच. पण हातभर अंतरावरून भेद जाणवत नाही. दुकानाने प्रथम या चित्रांना पिवळसर सेपियाची छटा दिली होती, जी जुनेपणाची खूण म्हणून जाहिरातींत वापरतात. वुडबरीटाइपचा तपकिरी रंग किंचित जांभळ्याकडे झुकणारा आणि सावल्यांत बराच खोल असतो. स्कॅनमधील रंग जसाच्या तसा ठेवून, फाइल कृष्णधवल न करता छापा, असे सांगितल्यावर निकाल एकदम सुधारला. त्यांचा पडदा आणि यंत्र यांची रंगजुळणी नीट केलेली आहे, हे त्यातून दिसले. मोठ्या आकाराचा मोह मात्र येथे आवरावा. ८ बाय १० इंचांपलीकडे ही चित्रे पातळ होऊ लागतात, आणि आमची मोठी केलेली एक प्रत भिंतीवर असूनही कोणी तिच्याजवळ थांबले नाही.

लंडनच्या लॅम्बेथ भागातील पूरग्रस्तांचे चित्र छापून हातात देताना दुकानाचे ज्येष्ठ मालक प्रथमच स्वतःहून बोलले. पाणी ओसरल्यानंतरची, घरासमोर जमलेली माणसे त्यात आहेत. नदी दिसत नाही. "पाणी किती चढलं होतं ते भिंतीवर कळतंय का हो, सर?" असे त्यांनी विचारले. गोदावरीचा पूर पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कोठपर्यंत आला यावर मोजणाऱ्या नाशिककराला हाच प्रश्न सुचणार. मग त्यांनी आपणहून भिंतीचा खालचा भाग थोडा उजळ ठेवून दुसरी प्रत काढली, आणि ती पहिलीपेक्षा सरस निघाली. भोवताल पाहायची सवय लागली की छापणाऱ्याचा हात कसा बदलतो, हे मला त्या दोन प्रती शेजारी ठेवल्यावर दिसले.

थॉमसन यांच्याविषयी केवळ गौरवाने बोलणे मात्र योग्य होणार नाही. ते ब्रिटिश साम्राज्याच्या बंदरांतून फिरणारे, त्याच दृष्टीने लिहिणारे गृहस्थ होते. चीनविषयीच्या त्यांच्या लिखाणात माणसांबद्दलचे कुतूहल आणि अढ्यता शेजारीशेजारी आढळतात. कॅमेऱ्याला लोक भ्यायचे, तो जमिनीच्या पोटातले पाहतो आणि ज्याचे चित्र निघेल त्याचे आयुष्य कमी होते असे मानायचे, आपल्याला दगडही खावे लागले, हे ते सांगतात. पण त्या भीतीमागे परकी सत्तेची तोफ होती, याचा विचार ते फारसा करत नाहीत. तरी तुलना करून पाहावी. त्याच काळात आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी शहरातील जातीजमातींची चित्रे प्रसिद्ध केली; त्यांत अनेकदा माणसे एकीकडे टिपून दुसरीकडच्या दृश्यावर चिकटवलेली आहेत. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या भारतीय लोकांवरील छायाचित्रग्रंथाच्या आठ खंडांत माणूस बहुतेक वेळा नमुना म्हणून उभा आहे. थॉमसन यांनी निदान माणसाला त्याच्या जागेवर, त्याच्या किटलीसह राहू दिले. हे श्रेय मोठे आहे, आणि ते भोवतालाच्या कडांत आहे, म्हणूनच कापाकापीवर माझा एवढा कटाक्ष आहे. पुढे १८८१ मध्ये त्यांना ब्रिटिश राजघराण्याचे छायाचित्रकार म्हणून नेमण्यात आले आणि लंडनच्या श्रीमंत वस्तीतील त्यांच्या स्टुडिओत उच्चभ्रू गिऱ्हाइके येऊ लागली. ती चित्रे सफाईदार आहेत, पण आम्ही त्यांतील एकही निवडले नाही. १८८६ पासून रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्यांनी प्रवासी-संशोधकांना छायाचित्रण शिकवले, हे मला त्यांच्या उत्तरायुष्यातील अधिक महत्त्वाचे काम वाटते.

चित्राखालच्या पट्ट्यांचे काम हा या सेवेचा सर्वांत दुबळा भाग होता. थॉमसन यांची चित्रे मजकुराविना मुकी आहेत, म्हणून आम्ही प्रत्येक चित्राला मराठीत पाच-सहा ओळींचा परिचय लिहिला होता. आमचा मजकूर युनिकोडमध्ये आणि दुकानातील संगणक जुन्या डीटीपी फॉन्टवर चालणारा. रूपांतरात जोडाक्षरे फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर गेले आणि एका पट्टीवर ‘निर्धन’चे ‘निधर्न’ झाले. मजकूर तपासायला दिला होता हे खरे, पण तो पडद्यावर नीट दिसत होता आणि छापताना बिघडला. अखेर पट्ट्या दुसरीकडून करून आणाव्या लागल्या. ज्या शहरात नोटा आणि मुद्रांक छापणारे सरकारी छापखाने आहेत आणि ज्याच्या जवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाआधी छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही धंद्यांत हात काळे केले, तेथे मराठीचा चार ओळींचा मजकूर धड न छापला जावा, हे खटकते.

चौकटींविषयी फार लिहिण्याची गरज नाही. काळी, अरुंद लाकडी पट्टी, आम्लमुक्त माउंट आणि साधी काच, एवढेच आम्ही मागितले आणि ते मिळाले. सोनेरी नक्षीची पट्टी घ्या, असा आग्रह दोनदा झाला. साध्या काचेवर दिव्यांचे प्रतिबिंब पडते; परावर्तन रोखणारी काच मागवून देण्याची तयारी होती, पण तिचा खर्च प्रतीपेक्षा अधिक होत होता. मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून कड बंद केलेली आहे, जी नाशिकच्या पावसाळ्यात आवश्यकच ठरते, कारण ओलसर भिंतीवरचा किडा प्रथम मागूनच शिरतो. कामाला सांगितल्यापेक्षा वेळ लागला. गणपतीच्या आधीचे दिवस असल्याने फलकांच्या कामाची रीघ होती, हे समजण्यासारखे आहे. ज्यांना ठरावीक तारखेला प्रती हव्या असतील त्यांनी सणांचे दिवस टाळावेत.

सुती कागदावरची प्रत साध्या फोटोपेक्षा कित्येक पटींनी महाग पडते. घरच्या अल्बमातील रोजच्या छायाचित्रांसाठी ती घेण्यात अर्थ नाही. परंतु आजोबा-पणजोबांच्या काळातील एखादी काचेची निगेटिव्ह किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो कोणाकडे असेल, तर तो आधी चांगल्या ठिकाणी स्कॅन करून, वर सांगितलेल्या अटी लिहून देऊन, या प्रकारच्या सेवेकडे अवश्य न्यावा. छपाईसाठी मी या दुकानाला पाचांपैकी चार गुण देईन, मराठी मजकुराच्या कामासाठी एक. पुढच्या वर्षी अंकोर आणि सयामची उरलेली चित्रे येथेच छापायची असे गटाने ठरवले आहे. पट्ट्या मात्र दुसरीकडे करून घेऊ.